आक्षेप असल्यास एका ओळीत

विद्यापीठातले बासष्ट वर्ग बदलायचे होते आणि त्यांपैकी एकसष्ट बदलून झाले होते. उरला होता नऊ क्रमांकाचा वर्ग. तो उरला होता याचे कारण तिथे भूमिती शिकवणारे प्राध्यापक होते. आणि वर्ग बदलण्याचे काम ज्या तंत्रज्ञाकडे होते, त्याचे ते सासरे होते. या नात्यामुळे काम सोपे होईल असे ज्यांना वाटले, त्यांना नात्यांचा अनुभव बेताचाच असावा.

नवव्या वर्गातले यंत्र जुने होते, पण निकामी नव्हते. हा भेद सर नेहमी आग्रहाने करत, आणि तो खराही होता. कमरेइतक्या उंचीच्या गाडीवर एक पेटी, पेटीत दिवा, दिव्यावर आडवी काच, आणि काचेच्या वर दांड्याला अडकवलेले भिंग. काचेवर पारदर्शक फिल्म ताणलेली असे. तिच्यावर शाईने लिहिले की ते सरांच्या पाठीमागच्या पडद्यावर मोठे होऊन उमटे. कडेची मूठ फिरवली की लिहिलेला भाग गुंडाळला जाई आणि कोरा भाग पुढे येई. सत्तावीस वर्षे सर त्या काचेमागे उभे राहून शिकवत आले होते. विद्यार्थ्यांनी त्यांना ‘भिंगसर’ हे नाव दिले होते आणि ते सरांना ठाऊक होते. निदान वस्तूचे नाव बरोबर घेतात, एवढाच त्यांचा त्यावरचा अभिप्राय.

नव्या व्यवस्थेत पडदा जाणार होता, यंत्र जाणार होते, आणि भिंतीवर दारापेक्षा मोठा काळा फलक येणार होता. त्यावर बोटाने लिहायचे, तळहाताने पुसायचे, आणि लिहिलेले सगळे तास संपण्याआधी विद्यार्थ्यांच्या फोनवर पाठवायचे. जावयाचा या फलकावर मनापासून विश्वास होता. हुकूम आला म्हणून काम उरकणाऱ्यांपैकी तो नव्हता. एकसष्ट वर्गांत त्याने स्वतः वायरी ओढल्या होत्या, शेवटच्या बाकावरून अक्षर वाचता येते की नाही हे स्वतः बसून पाहिले होते. शिवाय त्याच्याकडे एक कारण असे होते की त्याला उत्तर नव्हते: जुन्या यंत्राचे दिवे कुणी बनवतच नव्हते. शेवटचे दोन त्याच्या खणात कापसात गुंडाळून ठेवलेले होते.

वर्ग बदलण्यापूर्वी तिथल्या अध्यापकाकडून एक अर्ज भरून घेण्याची पद्धत होती. त्यातला शेवटचा रकाना असा: ‘आक्षेप असल्यास एका ओळीत.’ बहुतेकांनी ‘नाही’ लिहिले. काहींनी या निमित्ताने पंख्याची तक्रार केली. सरांनी लिहिले:

‘मला पाठ करून शिकवता येत नाही.’

समिती तिघांची होती: अधिष्ठाता, ग्रंथपाल आणि भाषा विभागाच्या प्राध्यापिका. तिघांनीही ते वाक्य वाचले आणि तिघांनाही त्याचा एकच अर्थ लागला. आठवड्याने सरांना उत्तर गेले: ‘नव्या फलकात टिपणे साठवण्याची सोय असल्याने अध्यापकांनी काहीही पाठ करण्याची आवश्यकता नाही.’

सरांनी ते पत्र वाचले, त्याची दोनदा घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. त्यानंतर फलकाच्या प्रशिक्षणाला ते एकदाही गेले नाहीत. तीन वेळा बोलावणे आले, तीनही वेळा त्यांनी निरोप पाठवला की तास आहे. तो खरोखरच असायचा. सर खोटे बोलत नसत, फक्त कमी बोलत. विद्यार्थ्यांच्या सिद्धतांमधल्या जादा शब्दांवर ते लाल शाईने काट मारीत आणि समासात लिहीत, ‘हे कुणी विचारले?’ सत्तावीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द छाटणाऱ्या माणसाचे स्वतःचे बोलणे आखूड झाले, तर त्यात नवल नाही.

शेवटी अधिष्ठात्यांनी लेखी कळवले. येत्या गुरुवारी नवव्या वर्गात, नव्या उपकरणांवर, समितीसमोर एक तास घेऊन दाखवायचा. तो न घेतल्यास किंवा न जमल्यास पहिल्या वर्षाची भूमिती दुसऱ्या अध्यापकाकडे जाईल आणि सरांनी परीक्षा विभागात प्रश्नपत्रिकांचे मसुदे तपासावेत. निवृत्तीला चार वर्षे होती. शिकवण्याखेरीज त्यांना दुसरे काही येत नाही, असे त्यांच्या पत्नीचे मत होते. आणि यायला हवे असे त्यांना कधी वाटले नाही, हे त्यांचे स्वतःचे.

घरात मात्र चर्चा वेगळीच चालली होती. सासऱ्यांनी जावयाशी अबोला धरला आहे, याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. पुरावा भरपूर होता. मागच्या महिन्यात जावई सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बेसिनखाली आडवा होऊन गळका पाइप आवळत होता. त्याने तीनदा पाना मागितला. सर दोन हातांच्या अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. पान उलटले, पण पाना दिला नाही. टीव्हीच्या मागे शिरून त्याने आवाज येतो का म्हणून विचारले, तर सर उठून गॅलरीत गेले. नवव्या वर्गात मोजमाप घेताना टेबलाखालून त्याने सरळ विचारले होते की यंत्र केव्हा हलवू, आणि वरून उत्तराऐवजी फिल्मची मूठ फिरल्याचा आवाज आला होता. जेवायला समोरासमोर बसले म्हणजे मात्र सर नीट बोलत. चारचौघांत शोभा नको म्हणून बोलतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

“बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, हे दिसतंय ना तुला?” रविवारी परत जाताना बायको म्हणाली. “एक यंत्र राहिलं तिथे, तर तुझं काय बिघडतंय?”

“यंत्र राहील. दिवा कुठून आणू? दोन उरलेत.”

“मग दोन पुरव. चार वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“एक दिवा पाच महिने जातो.”

“तुम्ही दोघंही सारखेच. एकाला शब्द मोजायला हवेत आणि दुसऱ्याला महिने.”

त्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ त्याला तेव्हा लागला नव्हता. सासूबाईंना सरांना आणखी भात हवा का हे विचारायचे होते. त्या सरांच्या मागेच उभ्या होत्या. तरी टेबलाला वळसा घालून त्या समोर आल्या, थांबल्या, आणि मग त्यांनी विचारले. जुन्या वळणाची आदब, असे जावयाला वाटले. बायकोला हे सांगावे आणि जरा शिकवण द्यावी, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो त्याने सुदैवाने बोलून दाखवला नाही.

मंगळवारी दुपारी तो सरांना रंगीत तालमीसाठी घेऊन आला. यासाठी त्याला सासूबाईंचे नाव वापरावे लागले.

“आईंनी सांगितलंय, एकदा करून बघा.”

“मग प्रश्नच मिटला,” सर म्हणाले आणि कोट घालून निघाले.

फलक आदल्या दिवशीच बसवला होता. जुने यंत्र पांढऱ्या कापडाखाली कोपऱ्यात उभे होते. सरांनी फलकावर बोटाने त्रिकोण काढला. रेषा जराशी थरथरली होती. फलकाने ती क्षणात सरळ करून टाकली.

“न विचारता सरळ करतो,” सर म्हणाले. “मुलांनी मग काय करायचं?”

ती सोय बंद करता येते, असे सांगून जावयाने ती बंद केली आणि तो पायऱ्या चढून शेवटच्या बाकावर जाऊन बसला. वर्ग उतरता होता, एकशेवीस जागांचा. सरांनी वर्गाकडे पाठ केली आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर चांगले होते, ओळी सरळ होत्या. जावयाला वाटले, उगाच दोन महिने घालवले. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे लंबदुभाजक काढून झाल्यावर त्याने विद्यार्थ्याच्या आवाजात विचारले की तिसराही त्याच बिंदूतून जाईल हे कशावरून. भूमितीच्या अध्यापकाला याहून आवडता प्रश्न नसेल. सर लिहीत राहिले.

त्याने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. वर्ग रिकामा होता, आवाज भिंतीवर आपटून परत आला. सर लिहीत राहिले.

तेव्हा मात्र त्याला राग आला. तो पायऱ्या उतरून खाली आला आणि सरांच्या मागे, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर थांबला. गेले दोन महिने जे गिळले होते ते त्याने एका दमात सांगून टाकले.

“बाबा, राग माझ्यावर असेल तर घरी काढा. तुमचा वर्ग जातोय इथे. तुम्हाला कळतंय का?”

सरांनी तिसरा लंबदुभाजक पूर्ण केला, छेदनबिंदूवर बोट टेकवले आणि समाधानाने मागे वळले. जावयाला इतक्या जवळ पाहून ते दचकले.

“तुम्ही केव्हा खाली आलात?”

त्या प्रश्नात टोमणा नव्हता, राग नव्हता; तो साधा प्रश्न होता, आणि साधा होता म्हणूनच जावयाला मागचे सगळे आठवले. बेसिनखालचा पाना, टीव्हीमागचा आवाज, टेबलाखालचा प्रश्न: त्याच्या लक्षात आले की त्याचा धंदाच असा आहे, की तो सदैव कशाच्या तरी मागून किंवा खालून बोलतो.

“मी आत्ता काय म्हणालो?” त्याने विचारले. सरांची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती. ती थोडी खाली होती.

“म्हणालात, ‘मी आत्ता काय म्हणालो.’”

“त्याच्या आधी.”

सर पहिल्या बाकावर बसले. मग त्यांनी सांगितले की दोन वर्षे झाली. आधी डावा कान गेला, मग उजव्याने त्याचे अनुकरण केले. समोर चेहरा असला की अडत नाही. “ओठ दिसले की बाकीचं मी काढतो. दोन बाजू आणि मधला कोन दिला, की त्रिकोण ठरतो. तसंच.” काचेमागे उभे राहिले की सगळा वर्ग समोर असतो, कोण विचारते ते दिसते, काय विचारते तेही. फलकाकडे तोंड केले की वर्ग संपतो.

“मग हे समितीला का नाही कळवलंत?”

“कळवलं. लेखी.” सरांनी खिशातून ते दोनदा घडी घातलेले पत्र काढले. “आणि त्यांनी माझी थट्टा केली.”

जावयाने पत्र वाचले. समितीने वर सरांचे वाक्य उद्धृत केले होते आणि खाली आपले उत्तर दिले होते. दोन्ही वाक्ये त्याने दोनदा वाचली, आणि मग तो तिथेच, पायरीवर बसून, हसू लागला. सरांचा चेहरा कठोर झाल्याचे पाहून त्याने कसेबसे हसू आवरले आणि पत्र त्यांच्यासमोर धरले.

“बाबा, थट्टा नाही केली. त्यांनी ‘पाठ करून’ म्हणजे तोंडपाठ करून असं वाचलं. तुमची पाठ त्यांच्या डोक्यातच आली नाही.”

सरांनी पत्र हातात घेतले. ते अक्षर अन् अक्षर वाचत होते, जणू एखाद्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका.

“माझ्या वाक्यात चूक नाही,” ते शेवटी म्हणाले.

“चूक नाही. पण दोन अर्थ निघतात. कुणी अशी सिद्धता लिहून आणली असती तर तुम्ही काय केलं असतं?”

प्रश्न त्यांनी नीट पाहिला होता, त्यामुळे ऐकू न आल्याची सबब नव्हती.

“शून्य दिलं असतं,” ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास वादात गेला, आणि दोघांनाही तो आवडला असावा. प्रत्येक फलकाच्या खालच्या कपाटात एक खोके आले होते. त्यात वाकत्या मानेचा छोटा कॅमेरा होता. टेबलावरच्या कागदावर लिहिले की तो ते जसेच्या तसे मागच्या फलकावर दाखवी. एकसष्ट वर्गांत एकसष्ट खोकी चिकटपट्टीसुद्धा न काढता पडून होती, कारण मोठा फलक मिळाल्यावर छोट्या कॅमेऱ्याकडे कोण पाहतो. जावयाने खोके उघडले, कॅमेरा जोडला आणि सरांना टेबलामागे, वर्गाकडे तोंड करून उभे केले. सरांनी आक्षेप काढले. वरून पाहणारा कॅमेरा हातही दाखवतो, मुलांना माझा हात बघायचा नाही. जावई म्हणाला, सत्तावीस वर्षे ती तुमच्या हाताची सावली बघत आली आहेत, आता निदान हात तरी दिसेल. सर म्हणाले, कागद संपतो, फिल्म संपत नाही. जावई म्हणाला, मुठीने मागे जाताना दहा मिनिटे लागायची, कागद उलटायला एक क्षण पुरतो. मग सरांनी लिहून पाहिले. फलकावर शाईची रेषा थरथरीसकट उमटली. ती कुणी सरळ केली नाही, हे पाहून त्यांनी पुढचा आक्षेप काढला नाही.

जावयाने अट घातली की डॉक्टरांना कान दाखवायचे. ती सरांनी मान्य केली. दुसरी अट, समितीला खरे सांगायची, त्यांनी साफ फेटाळली.

“बहिरा मास्तर म्हटलं की मसुदे तपासायलाच बसवतील. तास चांगला झाला तर पुरे आहे. कशामुळे चांगला झाला, ते त्यांनी विचारू नये आणि मी सांगू नये.”

हे सांगणे न सांगणे त्यांचे होते. जावयाने पुन्हा तो विषय काढला नाही.

गुरुवारी समितीचे तिघे आले, तीसेक विद्यार्थी आले. सर टेबलामागे उभे राहिले, कॅमेऱ्याखाली कागद सरकवला, आणि त्यांनी एका वर्तुळाने सुरुवात केली. पहिल्या पाच मिनिटांतच जावयाच्या ध्यानात आले की आपल्याला काही करावे लागणार नाही. सर लिहीत होते, मान वर करत होते, वर्गावरून नजर फिरवत होते. चौथ्या रांगेतल्या मुलीचे ओठ हलले आणि ती हात वर करायच्या आतच सरांनी तिला उत्तर दिले. ती पुढे मैत्रिणीला सांगत होती म्हणे, की या सरांना मनातले ऐकू येते. ग्रंथपाल वहीत काही लिहून घेत होते, आणि ते तासाबद्दल नसून भूमितीबद्दल असावे, कारण ते आकृती काढत होते.

मग अधिष्ठात्यांनी प्रश्न विचारला.

ते शेवटच्या रांगेत बसले होते. विचारात असले की हनुवटी तळहातावर टेकवून बोटे ओठांवर ठेवायची त्यांची सवय होती, आणि ते तशाच बोटांआडून बोलले. सरांना त्यांच्या भुवया हललेल्या दिसल्या. ओठ दिसले नाहीत. सर थांबले.

कपाटाजवळ उभ्या असलेल्या जावयाने प्रश्न ऐकला होता. सरांना दिसेल अशा बेताने त्याने तो नुसत्या ओठांनी पुन्हा म्हणायला सुरुवात केली. सरांनी त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवली: नको.

“तोंडावरचा हात काढा,” ते शेवटच्या रांगेकडे पाहत म्हणाले. “मला कमी ऐकू येतं. मी ओठ बघून समजून घेतो.”

सर पुढे बोलले, आणि त्यांच्या मानाने ते पुष्कळच बोलले.

“माझ्या अर्जात एक शब्द कमी पडला होता. ‘वर्गाकडे’. मला वर्गाकडे पाठ करून शिकवता येत नाही. समोर तोंड करून येतं, ते तुम्ही आत्ता पाहिलंत.”

भाषेच्या प्राध्यापिकांना अर्थ सर्वांआधी कळला. हसू लपवायला त्यांनी तोंडावर हात नेला, आणि लगेच, सर पाहत आहेत हे लक्षात येऊन, तो खाली घेतला. अधिष्ठात्यांनीही हात मांडीवर ठेवला.

“मी तेच विचारत होतो,” ते सावकाश, प्रत्येक अक्षर उच्चारत म्हणाले. “मागे एवढा फलक असताना तुम्ही कागदावर का लिहिता.”

“उत्तर मिळालं?”

“मिळालं. पुढे चला.”

सर पुढे गेले आणि तास वेळेवर संपवला. पहिल्या वर्षाची भूमिती त्यांच्याकडेच राहिली. तसे कळवणाऱ्या कागदावरच अधिष्ठात्यांनी आणखी एक ओळ लिहिली, की सर्व वर्गांतली कॅमेऱ्यांची खोकी उघडून जोडून द्यावीत. महिनाभरात सतरा अध्यापक फलकाकडून टेबलाकडे वळले. त्यांचे कान ठीक होते. त्यांना फक्त विद्यार्थ्यांचे चेहरे बघायचे होते. अर्जाचा शेवटचा रकानाही बदलला. आता तिथे ‘आक्षेप असल्यास सविस्तर’ असे छापलेले असते. सरांना ही सुधारणा अनावश्यक वाटते. ओळ एकच पुरते, असे ते म्हणतात. फक्त ती पूर्ण हवी.

सासूबाईंना ही हकीगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या की मला दीड वर्षापासून माहीत आहे, पण त्यांनी विचारले नाही तर मी कशाला सांगू.

जुने यंत्र हलवायला तीन आठवड्यांनी मुहूर्त लागला. सरांच्या दोन्ही कानांत तोवर छोटी यंत्रे बसली होती, आणि ती त्यांना फारशी आवडली नव्हती. पंखा इतका बोलतो हे मला ठाऊक नव्हते, अशी त्यांची तक्रार होती. जावई टेबलाखाली शिरून जुन्या यंत्राच्या वायरीचा बोल्ट सोडवत होता. सर गाडीवरचे पांढरे कापड घडी करत उभे होते.

“बाबा, पाना द्या,” तो खालून म्हणाला. सवयीने म्हणाला, उत्तराची अपेक्षा न ठेवता. आणि मग आपली चूक ध्यानात येऊन समोर जाण्यासाठी तो बाहेर सरकू लागला.

“कोणता?” वरून आवाज आला. “दहाचा की बाराचा? वाक्य पूर्ण करा.”

“दहाचा.”

पाना खाली आला, मुठीची बाजू पुढे करून.